महाबळेश्वरात बदली झाली? पहिल्या पावसाळ्याआधी घर असं लावा

बदलीची ऑर्डर बहुतेकांच्या हातात मे महिन्यात पडते, आणि महाबळेश्वर हे नाव वाचून घरातली पोरं नाचायला लागतात. आमच्याकडंही तेच झालं. आम्ही आटपाडीची, माणदेशातली माणसं. आभाळाकडं बघत मोठी झालेली. आमच्याकडं वर्षाचा सगळा पाऊस मिळून पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि इथं सरासरीच साडेपाच हजारांच्या पुढं. तो आकडा ऐकून मला एवढंच वाटलं होतं, की छत्र्या जास्त घ्याव्या लागतील.

प्रश्न छत्र्यांचा नव्हताच. जूनच्या शेवटाला माझ्याकडं सात माणसांना पुरतील एवढे ओले कपडे होते, घरात माणसं पाच, आणि अंगावर घालायला कोरडं काही नाही. तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "भिजायचं काय घेऊन बसलीस? भिजणं कुणाला चुकलंय? वाळवायचं कसं ते शिक." पाच पावसाळे काढल्यावर मला त्यात भर घालावीशी वाटत नाही. शिक्षक, बँकेतली माणसं, दवाखान्यातल्या सिस्टर, तलाठी, हॉटेलात कामाला येणारी कुटुंबं, असे दरवर्षी कितीतरी जण जत, खटाव, माण, आटपाडीच्या कोरड्या मुलखातून इथं येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी घर: पश्चिमेची भिंत बघा

मे महिन्यात इथलं प्रत्येक घर चांगलं दिसतं. रंग नवा असतो, खिडकीतून दरी दिसते, गार वारा येतो. तुम्ही दरीकडं बघू नका, भिंतीकडं बघा. इथला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, आणि येतो तो पश्चिमेकडून, कोकणातून चढून. त्यामुळं पश्चिम आणि नैऋत्येची भिंत सगळा मार खाते. जुनी घरं जांभ्या दगडाची आहेत. हा दगड पाणी पितो. चार दिवस झड लागली, की आतल्या बाजूनं घाम फुटल्यासारखी भिंत ओली होते. कपाट पुढं ओढून मागं बघा. गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाचे पापुद्रे सुटले असतील, तर नवा रंग तेवढ्यासाठीच दिलेला आहे.

"गळत नाही" हे मालकाचं उत्तर ऐकून आम्ही पहिलं घर घेतलं. छत खरंच गळत नव्हतं, भिंत पाझरत होती. म्हणून विचारायचं ते शेजारच्या घरात, आणि विचारायचं असं: "जुलैत या खोलीत अंथरूण टाकता येतं का?"

नुसत्या स्लॅबपेक्षा उताराचा पत्रा किंवा कौल बरं. पत्र्यावर पाऊस वाजतो, पहिले आठ दिवस झोप लागत नाही, मग पाऊस थांबला की जाग येते. बंद होणारी पडवी असेल तर भाडं थोडं जास्त पडलं तरी घ्या. ती पडवी तुमचं वाळवणाचं अंगण आहे. घर रस्त्याच्या खालच्या अंगाला असेल, तर पाणी कुठून वाहतं ते विचारा. आणि मागं डोंगर उभा कापून घर बांधलेलं असेल, तर मी सांगेन की तिथं राहू नका. २२ ते २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आटपाडीत वर्षभरात पडतो, त्याहूनही जास्त एका दिवसात. त्याच पावसात पाटण तालुक्यात मिरगाव आणि आंबेघरला दरड घरांवर आली, माणसं गेली. एवढं झाल्यावर दरीच्या देखाव्यासाठी जागा निवडू नये.

घरात दम्याचं माणूस किंवा अगदी तान्हं मूल असेल, तर पाचगणीचा विचार जरूर करा. जेमतेम अठरा-वीस किलोमीटर पूर्वेला आहे, पण पाऊस इथल्या निम्म्याहूनही कमी. खाली वाईला तर त्याहून कमी. सह्याद्रीचा माथा ओलांडला, की ढग हात आखडता घेतात. फक्त रोज धुक्यातून ये-जा करावी लागेल, त्याची तयारी ठेवा.

मे संपायच्या आत करायची कामं

कोकणात पावसाआधीच्या साठवणीला आगोट म्हणतात. इथंही तेच. मृग लागतो ७-८ जूनला, पण वळवाचे पाऊस त्याआधीच सुरू होतात. म्हणून आपली मुदत २५ मे धरायची.

सगळ्यात आधी भिंती झाकून घ्या. पूर्वी बंगल्यांच्या भिंती पावसाळ्याआधी गवताच्या कुडांनी झाकायचे. आता बांबूच्या चौकटीवर ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक बांधतात. हे काम येणारी माणसं थोडी, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ती कुणाला सापडत नाहीत. एप्रिलमध्येच सांगून ठेवा. खर्च मालकाचा की तुमचा, हे करारातच ठरवा. इथं पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्राचे नियम २००१ पासून आहेत, त्यामुळं पक्कं वाढीव बांधकाम मनानं करायला जाऊ नका. ताडपत्रीला कुणी हरकत घेत नाही.

मग घरातल्या वस्तू निवडायच्या आणि ज्यांची चार महिने गरज नाही त्या खाली पाठवायच्या. आमच्याकडं दरवर्षी एक ट्रंक आणि दोन बोचकी आटपाडीला जातात. पैठणी आणि सगळ्या रेशमी साड्या, लग्नाचे अल्बम, लोकरीच्या जादा गाद्या, मिस्टरांच्या कोल्हापुरी चपला. पहिल्या वर्षी त्या चपला मी कपाटात ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये काढल्या तर त्यांच्यावर हिरवट पांढरी लव आली होती, मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे, सर्टिफिकेटं मात्र जवळ लागतात. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, आणि डब्यात तव्यावर कोरडे भाजलेले तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत घालून ठेवा. पंधरा दिवसांनी तांदूळ पुन्हा भाजायचे.

जोड सिलिंडर भरून घ्या. शेगडी वापरणार असाल तर कोळशाचं पोतं आताच आणा. जूनमध्ये मिळतो तो ओला.

स्वयंपाकघर

पहिला नियम: पावसाळ्यात मोठा डबा नको, छोट्या बरण्या हव्यात. आपली सवय वर्षाची चटणी एका मोठ्या बरणीत भरायची. इथं ती बरणी आठ वेळा उघडली, की वरचा थर ओल धरतो आणि मग बुरशी. मी आता चटणी आणि कांदा-लसूण मसाला पावशेराच्या बरण्यांत भरते, वर हिंगाचे खडे ठेवते, आणि एका वेळी एकच बरणी उघडते. चमचा कोरडा पाहिजे हे वेगळं सांगायला नको, पण इथं चमचाही पुसून, गॅसवर क्षणभर धरून मगच घालायचा.

मिठाला पाणी सुटतं. बारीक मीठ आणूच नका, खडे मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवा. काडेपेटी सर्दते, लायटर घ्या. पोहे, रवा, शेंगदाणे आणल्याबरोबर भाजून ठेवायचे. पापड सादळतात. तळताना फुलत नाहीत म्हणून पापडाला दोष देऊ नका, तळायच्या आधी तव्यावर शेकून घ्या. लोणच्यावर तेल दोन बोटं उभं राहिलं पाहिजे.

ज्वारीचं पीठ आठ दिवसांचंच दळून आणा. जास्त दिवसांचं पीठ कुबट होतं, भाकरी थापताना तुटते. आम्ही पहिल्या वर्षी गावाकडनं महिन्याचं पीठ आणलं आणि अर्धं टाकून दिलं, आणि ज्वारी टाकताना सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इथल्या बायका नाचणीची भाकरी करतात. ती शिकून घ्या, या हवेत ती पोटाला मानवते. पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढली, की भाकरी चिरत नाही.

भाजी वाईकडून वर येते, घाट बंद असला की येत नाही. कांदा, बटाटा, भोपळा, मटकी, हुलगे, वाल हे घरात पाहिजेत. रानात भारंगी, कुर्डू उगवतात, चवीला फार चांगल्या. पण स्वतः ओळखायला जाऊ नका, इथल्या बाईनं हातात दिली तरच घ्या. आळिंब्यांच्या बाबतीत तर तेवढाही धोका पत्करू नका.

पाणी नळाला गढूळ येतं. उकळून, गाळून प्या, चार महिने एक दिवसही न चुकता.

वाळवण

आता मुख्य काम. इथं सलग पंधरा दिवस ऊन दिसत नाही असं होतं, आणि धुकं खिडकीतून खोलीत येतं. ढग घरात येतो असं लोक कौतुकानं म्हणतात, पण तो ढग म्हणजे पाणीच आहे. म्हणून दारं-खिडक्या कधी उघडायच्या हे समजून घ्या. धुकं असताना पश्चिमेच्या खिडक्या बंद. पाऊस थांबून वारा वाहता असेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या पंधरा मिनिटं उघडायच्या. सतत बंद ठेवलं तरी कोंदट होतं, कारण पाच माणसांचा श्वास, चुलीची वाफ आणि ओले कपडे यांचं पाणी घरातच राहतं.

कपडे निवडताना जाड सुती टॉवेल, जीन्स आणि गोधड्या यांना रजा द्या. पंचे वापरा. शाळेचा गणवेश टेरिकॉटचा घ्या, आणि प्रत्येक मुलाचे तीन जोड. रेनकोट प्रत्येकी दोन लागतात, कारण काल भिजलेला आज सकाळी तसाच थंडगार ओला असतो आणि पोर तो अंगात घालताना शहारतं. छत्री बाजारापुरती. उघड्यावर वारा ती उलटी करतो, म्हणून शेतातली माणसं अजून इरलं घेतात. गमबूट एक नंबर मोठे घ्या, आत लोकरीचा मोजा बसतो.

रोज थोडं धुवायचं. रविवारी ढीग काढायची पद्धत इथं चालत नाही. मशिन असेल तर दोनदा पिळून घ्या. पहिल्या दिवशी कपडे पडवीतल्या वलणीवर, दोन कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवून. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात, जिथं गॅसची ऊब आहे तिथं वरच्या दोरीवर. तिसऱ्या दिवशी इस्त्री. इस्त्री घडीसाठी नाही, ओल काढण्यासाठी. इस्त्री केलेला कपडा लगेच घडी करून कपाटात टाकू नका, वाफ निघू द्या.

शेगडीची पद्धत मावशींनी दाखवली. निखाऱ्यांवर राख पसरायची, शेगडीवर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घालायचं, आणि त्यावर लंगोट, मोजे, बनियन पसरायचे. मावशी तिथंच पाटावर बसून होत्या. दर दोन मिनिटांनी कपडा उचलून गालाला लावायच्या, उलटा करायच्या. गालाला गार लागलं तर अजून ओल आहे, हाताला ते कळत नाही. तासाभरात दहा-बारा लहान कपडे खडखडीत झाले. हे काम बसून करायचं आहे, डालगं पेटायला वेळ लागत नाही.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. कोळशाची शेगडी झोपायच्या बंद खोलीत ठेवू नका. पहिल्या जुलैत पोरांना ऊब मिळावी म्हणून मी ती रात्री आत ठेवली, दार लावलं. मध्यरात्री सासूबाईंचं डोकं भयंकर दुखायला लागलं, धाकट्याला उलटी झाली. मिस्टरांनी सगळी दारं-खिडक्या उघडून दोघांना पडवीत आणलं म्हणून निभावलं. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळत नाही. शेगडी फक्त पडवीत किंवा खिडकी उघडी असलेल्या स्वयंपाकघरात, जागं असताना, आणि झोपायच्या आधी बाहेर.

कपाटासाठी सोपा उपाय म्हणजे खालच्या कप्प्यात जाळीत बसवलेला जुन्या पद्धतीचा चाळीस वॅटचा बल्ब, दिवसा दोन तास. कपड्याला टेकता कामा नये. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. टीव्ही, मिक्सर, लॅपटॉप रोज थोडा वेळ चालू करा, आतली ओल निघते.

घाट

इथून खाली उतरायला तीन वाटा. पसरणी घाटानं पाचगणीवरून वाई, केळघर घाटानं मेढ्यावरून सातारा, आणि आंबेनळी घाटानं पोलादपूर. पावसाळ्यात पहिला भरवसा पसरणीचा. केळघरला दरड पडते, चौकशी करून निघा. आंबेनळी चार महिने मनातून काढून टाका. २०२१ च्या पावसात तो रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता आणि बरेच दिवस बंद होता.

गाडीचे वायपर आणि टायर मेमध्येच बदला. धुक्यात मोठा लाइट लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, खालचाच लाइट ठेवा, वळणावर हॉर्न द्या, आणि धबधब्यापाशी थांबलेल्या पर्यटकांच्या गाड्या गृहीत धरा. खाली साताऱ्याला काम असेल तर शेवटच्या एसटीवर विसंबू नका, दुपारच्या गाडीनं परत या.

मुलं आणि म्हातारी माणसं

शाळेत नाव घालताना सुट्ट्या विचारा. अतिवृष्टीच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या काही शाळांना उन्हाळ्याऐवजी ऐन पावसात मोठी सुट्टी असते. तसं असेल तर मे महिन्यात गावी जायचे बेत बदलावे लागतात, पण मुलांचे हाल वाचतात. ती सुट्टी आजोळी काढायची.

चिखल्या सगळ्यांना होतात. घरात आल्याबरोबर पाय कोमट पाण्यानं धुवायचे, बोटांच्या फटी कोरड्या पुसायच्या, खोबरेल तेल लावायचं. हे मोठ्यांनीही करायचं, ते टाळतात. गमबूट पालथा करून, आपटून मगच पाय घालायचा. आमच्या गमबुटातून गोम निघाली आहे, आणि एकदा खेकडा.

बीपी, शुगर, दम्याची औषधं महिनाभराची जादा ठेवा. बाळंतपण जुलै-ऑगस्टमध्ये असेल, तर शेवटचा महिना वाई किंवा साताऱ्यात नातेवाइकांकडं काढा. १०८ ला फोन लावता येतो, पण घाटात झाड आडवं पडलं असेल तर गाडी काय करणार.

वीज जाते, कधी दीड-दोन दिवस. बॅटरी, पॉवर बँक, मेणबत्त्या ठरलेल्या जागी. फोनला रेंज नसली की गावाकडचे घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस

पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. म्हणजे साधारण ५ जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. हा महिना मनाला जड जातो. हॉटेलं बरीचशी बंद असतात, बाजारपेठेत दुपारीही दिवे लागलेले, आणि समोरचं घर दिसत नाही. पहिल्या वर्षी सासूबाई खिडकीशी बसून म्हणायच्या, "देवा, एवढं पाणी हितं ओततोस, थोडं आमच्या रानात ओत की."

एका संध्याकाळी मिस्टरांनी त्यांना नकाशा काढून दाखवला. हे पाणी कृष्णेतून धोम धरणात जातं, वेण्णेतून कण्हेरला, कोयनेतून कोयना धरणात. सगळं कराडपर्यंत एक होतं. कराडच्या खाली टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि ते टप्प्याटप्प्यानं चढत आटपाडीत येतं. सासूबाईंनी तो कागद घडी करून पोथीत ठेवला. त्यानंतर त्या रोज किती पाऊस झाला ते विचारतात आणि गावी दिराला फोन करून सांगतात. सांगलीत माझी बहीण राहते, तिची काळजी उलटी. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तिच्या घरात छातीएवढं. इथं दोन दिवस झोडपलं, की पहिला फोन मी तिला करते.

दुपारचं एकटं बसू नका, हेही कामाच्या यादीत धरा. आमच्या आळीत चार-पाच जणी रोज एकीच्या स्वयंपाकघरात जमतो. ज्याच्या घरी शेगडी पेटलेली, तिथं सगळ्यांचे मोजे वाळतात.

उघडीप

ऑगस्टच्या मध्याला, मघा नक्षत्राच्या सुमाराला, एखाद्या सकाळी उन्हाची तिरीप येते. पहिल्या वर्षी मी ते बघत दारात उभी राहिले. तेवढ्यात आळीतली प्रत्येक बाई गादी डोक्यावर घेऊन बाहेर पळत होती. दहा मिनिटांत कंपाउंडच्या भिंती, पायऱ्या, उभ्या गाड्यांची टपं, सगळं गाद्या-उशांनी झाकलं. मावशी ओरडल्या, "अगं बघतीस काय, काढ की बाहेर!" मी दोन उशा आणेपर्यंत धुकं परत उतरलं होतं.

तेव्हा क्रम आधीच ठरवून ठेवा: आधी गाद्या आणि उशा, मग लहान मुलांचे कपडे, मग पुस्तकं उघडून. धान्य बाहेर काढू नका, तेवढा वेळ मिळत नाही. सप्टेंबरच्या शेवटाला ऊन टिकायला लागतं, शेतात स्ट्रॉबेरीची रोपं लागतात, तेव्हा धान्य आणि डाळी दोन दिवस कडक वाळवा. ताडपत्र्या मात्र लगेच सोडू नका, परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही झोडपतो. भिंतींना रंग नोव्हेंबरच्या आधी देऊ नका. वरून कोरड्या दिसल्या तरी जांभ्याच्या पोटात ओल असते, आणि त्यावर दिलेला रंग पुढच्या जूनपर्यंतही राहत नाही. आटपाडीची ट्रंक आम्ही दिवाळीला गेलो की परत आणतो.